लागर पिणारा अडाणी?

प्रश्न : शनिवारी मित्रांबरोबर ब्रूपबमध्ये जातो. ते 'आयपीए' ही कडू बिअर मागवतात, मी साधी, सौम्य लागर बिअर. लगेच 'तुझी जीभ अजून तयार नाही' असं ऐकवतात. माझी आवड खरंच खालची आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : छे हो! ज्या सोनेरी लागरला ते नाकं मुरडतात, तिचं घराणं १८४२ सालचं, बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्झेनचं. योझेफ ग्रोल या बव्हेरियन माणसानं ती घडवली. ती थंडाव्यात कित्येक आठवडे मुरवावी लागते आणि चव इतकी सौम्य, की करणाऱ्याची चूक लपत नाही. आयपीएत हॉप्स या कडू फुलांच्या कडवटपणाखाली बरंच काही झाकलं जातं, आमच्या मावशीच्या झणझणीत रश्श्यासारखं.

मीही एकदा गव्हाच्या बिअरवर भाषण ठोकलं होतं : 'यात केळं आणि लवंग घालतात.' तो वास यीस्टचा असतो, हे वेटरनं सांगितलं. सगळ्यांसमोर.

पुढच्या शनिवारी मित्रांचे डोळे बांधून वेगवेगळ्या बिअरचे तीन ग्लास पुढे ठेवा आणि कोणती कुठली ते ओळखायला सांगा. मात्र तुम्हीही लागर बर्फगार मागवू नका. फार गारठली की चवच लागत नाही.