ऑफ-रोड गाडीत मुलाची कार सीट बसवली तरी हलते, काय चुकतंय?

बहुतेक वेळा बेल्ट ढिला राहिलेला असतो. सीटमध्ये गुडघा टेकवून वजन द्या आणि त्याच वेळी बेल्ट ओढून घ्या. मग बेल्ट जिथून जातो तिथेच धरून हलवा, २.५ सेंमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरचं टोक थोडं हललं तर घाबरू नका. सीटचं तोंड पुढे असेल तर टॉप टेदर (सीटच्या वरच्या भागातून निघून गाडीतल्या खास कडीला अडकवायचा पट्टा) लावायचाच, पण सामान बांधायच्या कडीला नाही. ती धडकेचा भार पेलण्यासाठी नसते. टेदरच्या जागेवर सहसा जहाजाच्या नांगराचं (अँकरचं) चिन्ह असतं. मागच्या, बाजूला तोंड करून बसायच्या समोरासमोरच्या बाकांवर तर कार सीट लावूच नका, कितीही घट्ट बसली तरी! खडबडीत रस्त्यावरून आलात की बेल्ट पुन्हा तपासा.