लघुलेखन : हाताचा वेग आणि शिक्षकाची नजर

प्रश्न : मी अध्यापक महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे प्रशिक्षण घेत असून आम्हाला पिटमन पद्धतीचे लघुलेखन (शॉर्टहँड, म्हणजे बोलणे खुणांनी झटपट टिपण्याची कला) हा विषय आहे. चिन्हे पाठ झाली, पण मिनिटाला 60 शब्दांपुढे हात जात नाही आणि आज लिहिलेले उद्या वाचता येत नाही. बोलणे आपोआप लिहून देणारी साधने आलेली असताना हा विषय शिकून पुढे शिकवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : तुमची खरी अडचण वेगापेक्षा वाचनाची आहे. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये मांडलेली ही पद्धत उच्चारावर उभी आहे. तिच्यात ‘प’ची रेघ बारीक आणि ‘ब’ची तीच रेघ जाड असते, रेघ अर्ध्या लांबीची काढली की तिला ‘ट’ किंवा ‘ड’ जोडला जातो, आणि स्वर गाळले तरी चिन्ह ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळीला छेदून लिहिल्यामुळे पहिल्या स्वराचा अंदाज येतो. घाईत लिहिताना नेमके हेच तीन भेद पुसले जातात आणि दुसऱ्या दिवशी आपलेच लेखन परके वाटते. जाड-बारीक भेद न दाखवणाऱ्या बॉलपेनने ही अडचण आणखी वाढते. मऊ शिशाची पेन्सिल वापरून पाहावी. शिवाय स्पेलिंगची सवय मोडावी लागते, कारण ‘लाफ’ (laugh) हा इंग्रजी शब्द लिहिताना त्यातली अक्षरे विसरून शेवटचा ‘फ’ कानाने टिपायचा असतो.

यात दोष तुमचा एकट्याचा नाही. लघुलेखन हे तबल्यासारखे हाताचे कौशल्य असूनही अनेकदा ते सिद्धान्ताच्या विषयाप्रमाणे आठवड्यातून दोन-तीन तासिकांत बसवले जाते आणि मधल्या दिवसांत हात थंड पडतो. रोज अर्धा तास सराव करावा. ओळखीचा उतारा आधी 50 च्या वेगाने घ्यावा, तो लगेच मोठ्याने वाचावा, चुकलेली चिन्हे पुन्हा गिरवावीत आणि मगच तोच उतारा 70 च्या वेगाने घ्यावा. कालच्या वहीचे वाचन मात्र एकही दिवस चुकवू नये.

शिक्षक होणाऱ्याला याहून एक अवघड गोष्ट साधावी लागते, ती म्हणजे दुसऱ्याचे चिन्ह पाहून चूक कानाची आहे, नियमाची आहे की हाताची, हे ओळखणे. यासाठी सहाध्यायांनी वह्यांची अदलाबदल करून एकमेकांचे लेखन वाचावे, असे मी आग्रहाने सुचवेन. 120 च्या वेगाने लिहिणाऱ्यालाही ही नजर आपोआप येत नाही.

बोलणे लिहून देणाऱ्या साधनांमुळे केवळ लघुलेखनावर चालणाऱ्या नोकऱ्या कमी झाल्या आहेत, हे मान्य करायलाच हवे. तरीही ध्वनिमुद्रणाला परवानगी नसलेल्या बैठका आणि गोपनीय मुलाखती यांत ही कला उपयोगी पडते, आणि लिहितानाच महत्त्वाचे वाक्य निवडण्याची तिची शिस्त संपूर्ण ध्वनिमुद्रणातून मिळत नाही. तुमच्यासाठी तर तिचा उपयोग अगदी हाताशी आहे. सरावपाठाचे निरीक्षण करताना बहुतेक प्रशिक्षणार्थी ‘प्रश्न चांगले विचारले’ एवढेच नोंदवतात; तुम्ही मात्र शिक्षकाचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचे उत्तर जसेच्या तसे टिपू शकता आणि त्यावरून पाठाची चर्चा नेमकी होऊ शकते. त्याला 120 चा वेगही लागत नाही, कारण प्रश्नानंतर वर्ग थोडा थांबतो. पुढच्या निरीक्षणात फक्त शिक्षकाचे प्रश्न लघुलेखनात घ्या आणि त्याच संध्याकाळी ते लिहून काढा.