शाळेच्या फाटकातून परत फिरलात, त्याबद्दल

«ताई, वय 43, पतपेढीत वसुलीचं काम करतो. दारू सोडून 19 दिवस झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला सांगितलं, ती शाळेत भरते. दोनदा गेलो, दोनदा शाळेच्या फाटकातून परत आलो. दुसऱ्या खेपेला आत आमच्या गल्लीतल्या सरांची स्कूटर दिसली. उद्या गावभर होईल. आई म्हणते, त्यापेक्षा माळ घाल. बायको म्हणते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. चार लोकांत स्वतःला दारुडा म्हणवून घेऊन काय होणार?» — एक वाचक, सातारा जिल्हा

भाऊ,

आधी त्या स्कूटरचं बघू. रात्री आठ वाजता बंद शाळेत सर काही पेपर तपासायला गेले नसणार. तुम्ही ज्या कारणासाठी फाटकात उभे होतात, तेच त्यांना आत घेऊन गेलं असेल. तुम्हाला पाहून त्यांनाही घाम फुटला असता. आणि गावाला कळेल म्हणता, तर इतकी वर्षं वसुलीला दारात उभे राहायचात तेव्हा वास कुणालाच आला नसेल, असं खरंच वाटतं तुम्हाला?

माझ्या थोरल्या भावामुळे मी अशा एका मीटिंगला बसले आहे. ती 'ओपन' होती, म्हणजे घरच्यांनाही येता येतं. 'क्लोज्ड' असते ती फक्त पिणाऱ्यांची. दुसरीचा वर्ग होता. भिंतीवर बाराखडी आणि एवढ्याशा बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले बाप्ये. एक जण बोलत होता, बाकीचे ऐकत होते. मध्ये कुणी तोंड घालत नव्हतं, 'तू असं करायला हवं होतंस' म्हणत नव्हतं. सल्ले देण्यात हयात गेलेल्या माझ्यासारखीला ते फार जड गेलं! शेवटी पैशांसाठी पिशवी फिरली. कुणी दहाची नोट टाकली, कुणी नुसतीच पुढे सरकवली. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी 'आज फक्त ऐकतो' म्हणालात तरी चालतं, त्यामुळे दारुडा म्हणवून घ्यायची धास्ती तूर्त सोडा.

पण काय होणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. 1935 साली बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, काम फिसकटलेलं, खिसा रिकामा आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येतायत. त्याने काय केलं, तर फोनवर फोन लावून गावातला दुसरा एखादा पिणारा शोधायला लागला. उपदेश ऐकण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. सापडले ते डॉ. बॉब स्मिथ, सर्जन, स्वतः बुडालेले. या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. उभी राहिली. संध्याकाळी सातला तुमचा जीव कसा कासावीस होतो, हे बायकोला किंवा मला कितीही सांगितलंत तरी आम्हाला कळणार नाही. त्या बाकावरच्या माणसाला अर्ध्या वाक्यात कळेल.

आईंच्या माळेला मी नावं ठेवणार नाही. माळ घालून सुटलेले मी पाहिलेत. पण त्यांना सावरलं ते नुसत्या तुळशीच्या मण्यांनी नव्हे. पहाटेचा काकडा, रात्रीचं भजन, दिंडीतली सोबत, 'काल का आला नाहीस' म्हणून विचारणारे चार टाळकरी, हे सगळं होतं. म्हणून माळ घाला आणि मीटिंगलाही जा, दोन्हींत भांडण नाही. शपथ मात्र नको. उद्या पाय घसरला, तर 'बाबांनी शपथ मोडली, आता मला काही होईल' हे ओझं त्या पोरीने का वाहायचं? मीटिंगमध्ये जन्मभराचा शब्द मागतच नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढाच हिशेब.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मीटिंग म्हणजे औषध नव्हे. आणि पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर घरच्या घरी झटक्यात तोडू नका. कंप, फिट, भ्रम यांत माणूस जिवाला मुकू शकतो, थेट दवाखाना गाठा. 'नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिरातींतली पावडर चहात घालू नका, असंही वहिनींना सांगा. तशी वेळ बऱ्याच घरांत येते म्हणून लिहिते.

वहिनींसाठीही जागा आहे. अल-अ‍ॅनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणातही बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. जवळ काय आहे ते 14446 या मोफत सरकारी हेल्पलाइनवर विचारता येईल.

सरांसमोर बसणं अगदीच जमणार नसेल तर शेजारच्या तालुक्याचा गट बघा, गट बदलला तर कुणी रागावत नाही. पण पहिल्याच खेपेला 'आपल्याला नाही जमत' असं ठरवू नका, पाच-सहा वेळा बसून बघा. पुढच्या वेळी निघण्याआधी गटाच्या नंबरवर फोन करा, 'फाटकापाशी कुणी भेटेल का' विचारा. भेटतात. आणि घरून चार घास खाऊन निघा. रिकाम्या पोटी वाटेतला बार फार मोठा दिसतो, असं माझा भाऊ सांगायचा.