छतावरचा माणूस

"मॅडम, पूर, वणवे, वादळं... फोन उघडला की तेच, आता काही खरं नाही असं वाटतं." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच घेतलं.

तिशीतली एक जण माझ्याकडे समुपदेशनाला यायची (तपशील बदललेत). रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघायची, सकाळी छातीत धडधड. पहिल्या काही भेटी नुसतं ऐकून घेतलं. मग एकदा म्हटलं, सेव्ह केलेले व्हिडिओ उघडा आणि वहीत तीन रकाने पाडा, कुठे, कधी, पुढे काय झालं.

पहिले दोन जेमतेम भरले. ऑस्ट्रेलियाच्या २०१९-२० च्या वणव्यांचा तो अख्खा देश पेटलेला दिसणारा नकाशा पण होता तिच्याकडे, तो उपग्रहाचा फोटो नव्हताच, महिनाभराच्या आगींची माहिती एकत्र करून बनवलेलं चित्र होतं. हे सांगितलं तर ती उसळलीच, "म्हणजे सगळं फेक ना?"

नाही ना! स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या २०२४ च्या पुरात गल्लीत एकावर एक चढलेल्या गाड्यांचा फोटो अगदी खरा होता, तरी कितीतरी लोक 'एआय आहे' म्हणून मोकळे झाले. घाबरणारा असो की झटकून टाकणारा, पडताळून कुणीच बघत नाही.

तिसरा रकाना मात्र पूर्ण कोरा. पेन तिथेच धरून ती बराच वेळ बसली, मीही गप्प राहिले. मग हळूच म्हणाली, "पुराच्या व्हिडिओतला छतावरचा तो माणूस... त्याला कुणी उतरवलं का, हे मी शोधलंच नाही. रोज रात्री तो माझ्या डोक्यात तिथेच उभा असतो."

मला लख्ख दिसलं ते हेच. पाणी सगळ्यात चढलेलं असतानाच व्हिडिओ संपतो, उरलेली गोष्ट आपणच स्वतःला सांगतो आणि दरवेळी वाईटातली वाईट सांगतो. स्वतःशी चाललेलं हे बोलणं बदललं की माणूस सावरतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा बघितलंय.

म्हणून सगळ्यांना सांगते, पुढे पाठवायच्या आधी तारीख-ठिकाण बघा, धोक्याच्या वेळी हवामान खात्याचा इशारा आधी वाचा, आणि नंतरची बातमी मुद्दाम शोधा. धोका वाढतोय, ते खरंच आहे. पण जागतिक हवामान संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो की १९७० ते २०१९ मध्ये नोंद झालेल्या आपत्ती पाचपट झाल्या तरी मृत्यू जवळपास एक तृतीयांशावर आले, इशारे आणि तयारी सुधारल्यामुळे. हे रीलमध्ये येणार कसं, माणसं वेळेत हलवली की शूट करण्यासारखं काही उरतच नाही!

छतावरच्या माणसाचं काय झालं ते तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या रकान्यात तिने 'माहीत नाही' एवढंच लिहिलं, आणि त्या रात्री साडेअकराला झोपली.