६३५ स्कोअर, कारंजाची शाखा आणि हार्वर्ड: चान्स किती?

तुमची माहिती दोनदा वाचली, भाऊ. वय २८. कारंजाजवळचं गाव, घरी सात एकर, कापूस-तूर-सोयाबीन. अमरावती विद्यापीठाचं बीकॉम, ५९ टक्के. राष्ट्रीयीकृत बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून पावणेपाच वर्षं. त्यातली पहिली अडीच ग्रामीण शाखेत, आता जिल्ह्याच्या ठिकाणी छोट्या उद्योगांच्या कर्जप्रकरणांची छाननी. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या दोन्ही परीक्षा झालेल्या. एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत ६३५. एमबीएसाठी आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस), आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स (अनुभवी लोकांसाठीचा एमबीए), फ्रान्सची इन्सीड आणि अमेरिकेतली हार्वर्ड यांत चान्स किती, असं विचारलंय. आणि ‘ग्रामीण पार्श्वभूमी दाखवू की लपवू’ हेही.

आधी निकाल सांगून टाकतो. आयएसबीला चान्स बरा आहे, स्कोअर थोडा वर नेलात तर चांगला. पीजीपीएक्सची आज घाई होते. इन्सीड अवघड. हार्वर्ड फार अवघड, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. मी स्वतः वाशीम जिल्ह्यातल्याच एका शाखेतून उठून, एक वर्ष नकार पचवून, दुसऱ्या वर्षी आयएसबीला गेलो. त्यामुळे यातलं अर्धं ज्ञान माझ्याच चुकांचं आहे.

स्कोअरचं थोडक्यात. तुमचा आकडा नव्या जीमॅटचा आहे, म्हणजे ८०५ पैकी. लोक तो जुन्या ८०० वाल्या आकड्यांशी सरळ ताडून पाहतात आणि खचतात. नव्यातला ६४५ हा साधारण जुन्या ७०० च्या बरोबरीचा. म्हणजे तुम्ही जुन्या सातशेच्या किंचित खाली आहात. आयएसबीची सरासरी जुन्या मोजणीत सातशेच्या वर राहत आली आहे, हार्वर्डचा मध्यक ७३०-७४० च्या घरात. आपल्या बँकेतल्या, पदवीला साठच्या आत अडकलेल्या माणसाला सरासरीच्या खाली राहणं परवडत नाही. ६६५-६७५ चं लक्ष्य ठेवा. तुमचा क्वांट (गणित) चांगला आहे, व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेख वाचणं) या भागांनी ओढलंय. त्यातलं डेटा इनसाइट्स लवकर सुधारतं. रोज ताळेबंद वाचणाऱ्याला तक्ते नवे नाहीत, तिथे फक्त ४५ मिनिटांचं घड्याळ नवं आहे. दोन परीक्षांत १६ दिवसांचं अंतर लागतं, ते धरून चाला. आणि कृपा करून परीक्षा घरून देऊ नका. मी दिली होती, चाळिसाव्या मिनिटाला लाईन गेली.

५९ टक्क्यांची फार चिंता करू नका. ते बदलणार नाहीत. सीएआयआयबी पहिल्या प्रयत्नात झालं असेल तर ते एका ओळीत सांगा, म्हणजे अभ्यास जमतो हे दिसतं. कॉलेजमध्ये शिकवायलाच कोणी नव्हतं, प्राध्यापक यायचे नाहीत, हे खरं असलं तरी लिहू नका. तीन वर्षांची पदवी चालते का, तर तुमच्या यादीतल्या चारही ठिकाणी चालते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही निबंधाचा पहिला परिच्छेद सोबत दिलाय. सुरुवात अशी: विदर्भ ही शेतकरी आत्महत्यांची भूमी, मी त्या मातीत वाढलो, वगैरे. भाऊ, पहिल्या वर्षी मी हेच लिहिलं होतं. जवळजवळ हेच शब्द. २०१७ ची बोंडअळी होती, कर्जमाफीच्या याद्या होत्या, बापाचा पडलेला चेहरा होता. सगळं खरं होतं. पण तो निबंध विदर्भावर होता, माझ्यावर नव्हता. मुलाखतीलाही बोलावलं नाही. वाचणाऱ्याला माझ्या जिल्ह्याची कीव आली असेल, पण मी काय करू शकतो ते त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा दाखवू की लपवू, हा प्रश्नच चुकलाय. गाव तुमच्या अर्जात आपोआप येतं, शाखेच्या पत्त्यात येतं. त्याला वेगळं सजवायची गरज नाही आणि लपवायचं तर काहूनच?

दुसऱ्या वर्षी मी एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, गोष्ट लिहिली. मालकाला कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या साठ्यावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून हवी होती. स्टॉक स्टेटमेंटमध्ये रुईच्या ९०० गाठी. एक गाठ १७० किलोची, म्हणजे दीड हजार क्विंटलच्या वर रुई. मी गेलो तेव्हा गोडाऊनच्या दारातून गाठींची छताला टेकलेली भिंत दिसत होती. व्यवस्थापक चहा घ्या म्हणत होता. मी बाजूच्या फटीतून तिरका होऊन आत गेलो तर त्या भिंतीमागे दोन रांगा आणि मग रिकामी फरशी, त्यावर सरकीचा भुसा आणि एक झोपलेलं कुत्रं. मोजल्या तर चारशेही भरेनात. मर्यादा वाढवायचा प्रस्ताव मी नाकारला, उलट ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या हिशेबाने उचलता येणारी रक्कम, खाली आणली. पुढचे तीन महिने शाखेत माझ्याशी कोणी धड बोललं नाही, कारण तो खातेदार शाखेचं अर्धं टार्गेट होता. मुलाखतीत चाळीसपैकी पंचवीस मिनिटं यावरच गेली. तुम्ही फटीतून आत का गेलात? बाकीचे अधिकारी का गेले नसतील? मालकाला काय सांगितलंत? आणि शेवटचा प्रश्न: तुमचा अंदाज चुकला असता तर? त्याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलं.

फायनान्सच्या माणसाकडून त्यांना हेच पाहायचं असतं. अमुक कोटींची प्रकरणं हाताळली, तमुक टक्के वसुली, हे प्रत्येक जण लिहितो. मुंबईच्या मोठ्या बँकेतला मुलगा तुमच्या शंभरपट रक्कम लिहील. पण त्या रकमेत त्याचा स्वतःचा निर्णय किती, हे त्याला दाखवणं जड जातं. ग्रामीण शाखेत दोनच अधिकारी असतात, निर्णय तुमचाच असतो आणि संध्याकाळी बाजारात तोच माणूस समोर भेटतो.

आता तुमची गंमत पाहा. माहितीच्या तळाशी, ‘इतर’ म्हणून, एक ओळ टाकलीय: बाजार समितीशी बोलून ४३ शेतकऱ्यांना शेतमाल तारण कर्जाकडे वळवलं. बाप्पा, हाच तुमचा अर्ज आहे! दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचं सोयाबीन एकदम बाजारात येतं, भाव पडतो, आणि देणी उभी असल्यामुळे शेतकरी त्याच पडेल भावात विकतो. पणन मंडळाची तारण योजना १९९० पासून आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी घ्या, भाव पाहून विका. कागदावर सोपं आहे. मग कारंजासारख्या मोठ्या बाजारातही लोक ती का घेत नाहीत? गोदामात जागा नसते म्हणून, की अडत्याची उचल आधीच अंगावर असते म्हणून, की तीनदा चकरा मारायला वेळ नसतो म्हणून? तुम्ही ४३ जणांचं नेमकं काय सोडवलंत? किती जणांनी नाही म्हटलं? ज्यांनी माल ठेवला आणि भाव वाढलाच नाही, त्यांचं काय झालं? ती मंडळी नंतर तुम्हाला काय बोलली? हे लिहा. वाचणाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे ठाऊक नाही असं धरून एका वाक्यात समजावा आणि पुढे जा. योजनेचा इतिहास नको.

याच्यापुढे ‘प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्यांत मोठा पैसा गुंतवणाऱ्या फंडांत) जायचंय’ हे तुमचं ध्येय उसनं वाटतं. जायचं असेल तर जा, पण तारण कर्जापासून तिथपर्यंतचा रस्ता तुमच्या लिखाणात नाही. गोदाम पावतीवर कर्ज देणाऱ्या कंपन्या, शेतमालाच्या पुरवठा साखळीला पतपुरवठा, हे रस्ते दिसतात. मुलाखतकार ‘मग प्रायव्हेट इक्विटी का’ विचारणारच, तेव्हा ‘पगार चांगला असतो’ हे मनात येऊन तोंड अडकतं. मला माहीत आहे, माझं अडकलं होतं.

शिफारसपत्राचं आपल्याकडे फार हसं होतं. साहेब म्हणतात, तूच लिही, मी सही करतो. नाही तर लेटरहेडवर ‘यांचे वर्तन चांगले असून कोणतीही तक्रार नाही’. पत्र कागदावर जातच नाही. शिफारस करणाऱ्याच्या मेलवर लिंक जाते आणि त्याला प्रश्नांची उत्तरं स्वतः भरायची असतात. लिंक शाखेच्या सामायिक मेलवर गेली तर ती हाऊसकीपिंगच्या परिपत्रकांखाली गाडली जाईल, म्हणून साहेबांचा स्वतःचा ऑफिसचा मेल घ्या. आणि विभागीय व्यवस्थापकाच्या मागे लागू नका. मोठा हुद्दा, पण त्याने तुम्हाला काम करताना पाहिलेलंच नाही. तारण प्रकरणं चालू असताना जे शाखा व्यवस्थापक होते ते आता कुठेही बदलून गेलेले असोत, त्यांना गाठा. जा, समोर बसा, त्या दिवसांची आठवण करून द्या, पण मजकूर त्यांचा असू द्या.

शाळानिहाय. आयएसबीला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि वर्गातली बरीच मंडळी चार-पाच वर्षांचीच असतात. तुम्ही बरोबर मधोमध आहात. पीजीपीएक्सला किमान चार वर्षं लागतात, म्हणजे अर्ज करता येईल, पण वर्गाची सरासरी त्याच्या बरीच वर असते आणि तिथे माणसं सांभाळलेली लोकं येतात. शाखा व्यवस्थापक म्हणून दोन वर्षं काढा, मग तिथे तुमचं वजन वेगळं असेल. इन्सीडचा दहा महिन्यांचा वर्ग जगभरातून भरतो. परदेशाशी काही संबंध नसलेला अर्ज तिथे फिका पडतो, आणि फी एकटीच कोटीच्या आसपास.

हार्वर्डला दहातल्या एखाद्यालाच प्रवेश मिळतो, आणि आपल्या गटात, म्हणजे भारतीय, पुरुष, फायनान्सवाला, गर्दी आणखी दाट. पण दोन वर्षांचा खर्च दोन कोटींच्या वर आहे म्हणून तुम्ही ते नाव खोडणार असाल, तर थांबा. तिथली शिष्यवृत्ती गुणांवर नसते, गरजेवर असते, आणि साधारण निम्म्या विद्यार्थ्यांना मिळते. सात एकरवाल्याची गरज सिद्ध करायला वेगळा वकील लागत नाही. आयएसबीचा अर्ज पूर्ण झाल्यावर जीव उरला तर भरा.

आणि बाबांना सांगा, शेत गहाण टाकायचं नाही. ते तयार आहेत हे वाचून बरं वाटलं नाही. तुम्ही बँकेत आहात, थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याचं कलम ३१ तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल: शेतजमिनीवर तो कायदा चालत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेत तारण म्हणून घ्यायला नाखूश असतात. विकायचं तर नावच काढू नका. आयएसबी-आयआयएमसारख्या संस्थांना बँका मोठं कर्ज विनातारण देतात. परदेशासाठी तारण लागलंच तर गावठाणातल्या घराचं स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड निघालंय का ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. पण चाळीस लाखांच्या वरचं कर्ज म्हणजे हप्ता कितीचा, हे स्वतःच्याच बँकेच्या कॅल्क्युलेटरवर एकदा काढा आणि बाबांना दाखवा, मग ठरवा.

वेळेचं एवढंच, की आयएसबीची पहिली फेरी सप्टेंबरात बंद होते आणि तुमचा मे-जून पीककर्जाच्या नूतनीकरणात जातो, जिल्ह्याच्या ठिकाणी असलात तरी शाखांच्या मदतीला पाठवतातच. म्हणून जीमॅट एप्रिलात उरका. त्या जुन्या व्यवस्थापकांना फोन मात्र फेब्रुवारीतच करा. मार्च एंडला ते तुमचा फोन उचलणार नाहीत.