खासगी शाळेतले शिक्षक सारखे नोकरी का सोडतात, फक्त पगार कमी म्हणूनच ना?

फक्त पगार नाही हो. मी स्वतः अंधेरीच्या एका शाळेत चार वर्षं शिकवलं (नाव नको), विरारवरून सकाळची लोकल पकडून, आणि खरं सांगायचं तर सोडली ती पगारासाठी नाहीच. शिकवण्याचा कंटाळा कधीच आला नाही, पण वर्कशीट, ॲपवर फोटो टाकायचे, ॲडमिशनच्या सीझनला पालकांना फोन करायचे आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "मॅम उद्या टेस्ट आहे का", ह्यात शिकवणं राहिलंच कुठे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये हेच मांडलं होतं, पगार, नियम, वरचे लोक कसे वागतात हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण हे सगळं नीट असलं म्हणून समाधान मिळतंच असं नाही, ते कामातून आणि कौतुकातून येतं. त्याने अभ्यास इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांचा केला होता, तरी आमच्या स्टाफरूमला अगदी फिट्ट बसतं!

पगाराचं म्हणाल तर महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा पगार आणि नोकरीच्या अटी ठरवणारा 1977 चा कायदा आहे, पण बऱ्याच ठिकाणी जूनला घेतात नि एप्रिलला मोकळं करतात, मग कोण जीव लावणार त्या शाळेला?

उलट माझी एक मैत्रीण कमी पगारात दहा वर्षं टिकलीये, कारण तिची प्रिन्सिपल पालकांसमोर शिक्षकाची बाजू घेते. बास, एवढंच कारण.