चार दिवस सुट्टी आहे, डेन्व्हरहून मुलांना घेऊन सांता फे ट्रेलला जावं का? की तिथे नुसतं गवत आणि मातीच्या भिंती?

जरूर जा. सांता फे ट्रेल म्हणजे मिसूरीहून सांता फेला जाणारी जुनी व्यापारी वाट. मातीच्या भिंती हेच शब्द माझ्या साडूने तिच्यावरच्या बेंट्स फोर्ट या व्यापारी किल्ल्याच्या दारात, माझ्या वडिलांसमोर काढले होते, म्हणून सविस्तर लिहितोय. त्याच्या मते खरी वाट ओरेगन ट्रेल. तिथून माणसं गेली, वसली, देश झाला. सांता फेची वाट म्हणजे मालाची ने-आण, त्यात बघायचं काय?

मालाची ने-आणच बघायची. वडिलांनी उभा जन्म बार्शीत कापडाचं दुकान चालवलं. किल्ल्यातल्या दुकानाच्या खोलीतून ते हलेचनात. छापील सुती कापड, ब्लँकेटं, मणी, सुऱ्या सगळं हात मागे बांधून निरखत होते. मग मला रेंजरला विचारायला लावलं, माल रोखीने घ्यायचे की उधारीवर? परतताना गाड्या रिकाम्या यायच्या का? रेंजर खूश झाला. उधारी पूर्वेकडच्या पेढ्यांची असायची, आणि परतीला चांदी, खेचरं, शिवाय या किल्ल्यातून बायसनची कातडी.

सुरुवातही एका कर्जदाराने केली. 1821 मध्ये विल्यम बेकनेल देणी डोक्यावर घेऊन मिसूरीहून निघाला. मेक्सिको नुकताच स्वतंत्र झाला होता, परदेशी मालावरची स्पेनची बंदी संपली होती, म्हणून सांता फेत त्याचा माल खपला. पुढच्याच वर्षी त्याने गाड्या नेल्या. 1839 मध्ये तिथल्या मेक्सिकन गव्हर्नर आर्मिहोने गाडीमागे 500 डॉलर कर बसवला, आत काहीही असो. व्यापाऱ्यांनी माल मोठ्या गाड्यांत भरून गाड्यांची संख्याच कमी केली. वडील म्हणाले, "जकात नाका आला की हे आलंच."

साडूला तिथेच सुनावलं, इथेही लिहितो. ओसाड रानातून गोऱ्यांनी पाडलेली वाट नव्हती ही. किल्ल्याजवळची आर्कान्सा नदी तेव्हा सरहद्द होती, पलीकडे मेक्सिको. तिथले व्यापारीही मिसूरीपर्यंत यायचे. 1840 च्या दशकात या व्यापारातला मोठा हिस्सा त्यांचाच होता. किल्ला चालायचा शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी लोकांशी होणाऱ्या देवघेवीवर. किल्ला चालवणाऱ्या विल्यम बेंटची बायको आऊल वुमन शायान होती. 1864 मध्ये सँड क्रीकला सैन्याने याच लोकांची कत्तल केली तेव्हा या दोघांची मुलं त्या छावणीत होती, आणि त्यांच्याच रॉबर्टला सैन्याने जबरदस्तीने वाटाड्या केलं होतं. देश कसा झाला हे या एका घरात दिसतं, त्यासाठी ओरेगन गाठायला नको.

आता तुमचं. बेंट्स फोर्ट ला हुंटाजवळ आहे, डेन्व्हरहून गाडीने साधारण तीन तास. तिथून ट्रिनिडाड, रेटॉन खिंड ओलांडून न्यू मेक्सिकोत फोर्ट युनियन, हा सैन्याचा जुना किल्ला. तिथे गवतात गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात; सकाळचं ऊन तिरपं असताना पोचा. अख्खी वाट सुमारे 900 मैलांची, तेव्हा कॅन्ससचा भाग या खेपेला सोडाच.

एक मात्र मुलांना आधी सांगा, मूळ किल्ला 1849 मध्येच सोडून दिला गेला. आत्ताचा 1976 चा आहे, तेव्हाच्या सैन्यातल्या लेफ्टनंट एबर्टने काढलेल्या चित्रांच्या आधारे उभारलेला. दुरुस्तीसाठी काही भाग बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. फोर्ट युनियनला सावली जवळपास नाहीच. पाणी आणि टोप्या भरपूर घ्या.